कॅमेरा गेल्यावर पेशंटचं काय होतं

'इंटरव्हेन्शन' नावाचा अमेरिकन कार्यक्रम ज्यांनी पाहिलाय त्यांना त्याचा शेवट आठवत असेल. जवळजवळ तासभर आपण एका माणसाला नशेत बघतो, आई रडते, भाऊ चिडतो, मग एका खोलीत सगळं घर जमलेलं असतं, प्रत्येकाच्या हातात लिहून आणलेलं पत्र, तो माणूस आत येतो, सगळ्यांना असं बसलेलं बघून भडकतो, दाराकडे वळतो, परत येतो, आणि बहुतेक वेळा शेवटी हो म्हणतो. तिथून लगेच व्यसनमुक्ती केंद्र. मग काळा पडदा आणि त्यावर दोन ओळी. अमुक तारखेपासून सोबर, म्हणजे नशेपासून दूर, आहे. किंवा केंद्र सोडून निघून गेला. कधीकधी, वारला.

मी हे एपिसोड एकामागून एक पाहिलेत आणि दरवेळी त्या दोन ओळींपाशीच अडकून पडायला झालं, कारण खरी लढाई तिथून सुरू होते आणि कार्यक्रम तिथेच संपतो. व्यसन सोडणं ही इतकी खाजगी गोष्ट टीव्हीवर आली कशी आणि जे आले त्यांचं पुढे काय झालं हे समजून घ्यायचं तर बरंच मागे जावं लागतं.

१९३५ साली अमेरिकेत ओहायो राज्यातल्या अ‍ॅक्रन शहरात अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस सुरू झालं, आपण ज्याला एए म्हणतो ते. नावातच अनामिक आहे. पुढे त्यांच्या बारा परंपरा ठरल्या, १९५० मध्ये त्या रीतसर स्वीकारल्या गेल्या, आणि त्यातली अकरावी सांगते की वर्तमानपत्र, रेडिओ, सिनेमा यांच्यासमोर सभासदाने आपलं नाव उघड करायचं नाही. लोकांना वाटतं हे लाजेपोटी असेल. पण मीपणा वाढू नये हा त्यामागचा मोठा हेतू होता, आणि दुसरी भीती अशी की जगासमोर 'मी सुटलो' म्हणणारा माणूस उद्या पुन्हा प्यायला लागला तर बघणारा म्हणणार, बघा, या लोकांचं काही खरं नाही. दारू सोडलेल्याच लोकांनी अनुभवातून घातलेलं कुंपण होतं ते, आणि मला वाटतं पुढची सगळी गोष्ट हे कुंपण मोडण्याची आहे.

टीव्हीवर पहिला मोठा कबुलीजबाब आला १९५३ मध्ये. 'दिस इज युअर लाइफ' या कार्यक्रमात लिलियन रॉथ ही जुनी गायिका-अभिनेत्री आली आणि दारूपायी झालेली आपली वाताहत तिने सगळ्या देशासमोर सांगितली. त्या काळात एका बाईने हे टीव्हीवर बोलणं किती मोठं होतं याचा आज अंदाजही येणार नाही. पण एक गोष्ट लक्षात घ्या, ती १९४६ पासून एएमध्ये होती. म्हणजे आधी बरीच वर्षं सावरली, मग बोलली. १९७८ मध्ये बेटी फोर्ड यांनी, म्हणजे माजी अध्यक्षांच्या पत्नीने, गोळ्या आणि दारूसाठी उपचार घेतेय हे जाहीर केलं, १९८२ मध्ये त्यांच्या नावाचं केंद्र उभं राहिलं, आणि त्यांच्यामुळे असंख्य लोकांना दाखल व्हायचं बळ मिळालं असेल. पण त्यांच्या ग्रुप थेरपीत कॅमेरा नव्हता, आतलं सगळं आतच राहिलं.

कायदाही त्याच बाजूचा होता. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेने व्यसनाच्या उपचाराची कागदपत्रं इतर आजारांपेक्षाही जास्त गुप्त ठेवायचा कायदा केला, इतका कडक की पेशंटच्या लेखी संमतीशिवाय तो आपल्याकडे दाखल आहे एवढंसुद्धा केंद्राने बाहेर सांगायचं नाही. कारण साधं होतं, नोकरी जाईल, पोलिस मागे लागतील या भीतीने लोक उपचारालाच येत नव्हते. पण संमती दिली की हा अडसर दूर होतो, आणि पुढे टीव्हीवाल्यांनी नेमकी हीच संमती सहीनिशी घेतली. आता ज्याच्या अंगात नशा आहे किंवा विड्रॉवल, म्हणजे नशा बंद झाल्यावरचा त्रास, चालू आहे, ज्याच्याकडे उपचाराचे पैसे नाहीत आणि जो म्हणतोय काहीही करा पण मला यातून काढा, त्याच्या सहीला किती अर्थ आहे? माझ्या मते फार कमी, आणि निदान सुधारल्यावर ती सही मागे घ्यायची सोय तरी त्याला असायला हवी होती.

रिअ‍ॅलिटी टीव्हीची सुरुवात बहुतेक जण 'अ‍ॅन अमेरिकन फॅमिली' पासून धरतात. १९७१ मध्ये सँटा बार्बरातल्या लाउड कुटुंबाच्या घरात महिनोन्‌महिने कॅमेरे राहिले आणि १९७३ मध्ये ते पीबीएस या सार्वजनिक वाहिनीवर दाखवलं गेलं. थोरला मुलगा लान्स त्यामुळे देशभर माहीत झाला, आपण गे आहोत हे न लपवता टीव्हीवर वावरणारा तो अगदी पहिल्यांपैकी. पुढची जवळपास वीस वर्षं त्याची क्रिस्टल मेथ या ड्रगच्या नशेत गेली. एचआयव्ही होता, हेपटायटिस सी होता, आणि २००१ मध्ये मरण जवळ आल्यावर त्याने त्याच जुन्या चित्रीकरण करणाऱ्या जोडप्याला बोलावून घेतलं, की या, आता हेही शूट करा. पन्नाशीत गेला तो. टीव्हीमुळे तो नशेत गेला असं मी म्हणणार नाही, तसं कुणालाच ठरवता येणार नाही. पण विशीत ज्या कॅमेऱ्याने त्याला जगासमोर आणलं तोच कॅमेरा त्याला मरताना जवळ हवासा वाटला, हे माझ्या डोक्यातून जात नाही.

मग १९९२ मध्ये एमटीव्हीचं 'द रिअल वर्ल्ड' आलं आणि तरुण पोरं, एक घर, भरपूर दारू हा साचा पक्का झाला. १९९९ च्या हवाईच्या सिझनमध्ये पहिल्याच रात्री एका मुलीला इतकी दारू चढली की हॉस्पिटलात न्यावं लागलं, पुढे घरातल्या बाकीच्यांनीच तिला समोर बसवून समजावलं आणि ती उपचाराला गेली. व्यसनाचा प्रसंग हाच एपिसोडचा कणा होऊ शकतो हे तेव्हा सगळ्यांना दिसलं.

'इंटरव्हेन्शन' ६ मार्च २००५ ला ए अँड ई चॅनलवर सुरू झालं. आपल्यावर व्यसनाबद्दलची डॉक्युमेंटरी होतेय एवढंच त्या माणसाला माहीत असायचं, त्या खोलीत घरचे वाट बघतायत हे नसायचं. घरच्यांनी मिळून धक्का द्यायची ही पद्धत मुळात व्हर्नन जॉन्सन नावाच्या धर्मगुरूची, ते स्वतः दारूतून सुटलेले होते आणि १९६० च्या दशकापासून ही पद्धत बसवत होते. टीव्हीला ती फार सोयीची, कारण तिच्यात नाट्य आहे. पण १९९९ मध्येच, म्हणजे कार्यक्रमाच्या सहा वर्षं आधी, मिलर, मेयर्स आणि टोनिगन यांनी पिणाऱ्यांच्या घरच्यांवर एक अभ्यास छापला होता. जॉन्सन पद्धतीने सुमारे ३० टक्के पिणारे उपचाराला आले, तर क्राफ्ट नावाच्या पद्धतीने, ज्यात घरच्यांना हळूहळू बोलायला-वागायला शिकवतात, चांगल्या दिवशी जवळ घ्यायचं, नशेत असताना बाजूला व्हायचं असं, त्याने ६४ टक्के. आणि जॉन्सन गटातल्या बहुतेक घरांनी तो सामना शेवटी केलाच नाही, त्यांना ते झेपलंच नाही. क्राफ्टमध्ये रडारड नाही, धक्का नाही, कित्येक आठवडे चालणारं शांत काम आहे, त्यामुळे त्याचा कार्यक्रम कोण काढणार. २००९ मध्ये 'इंटरव्हेन्शन' ला एमी हा टीव्हीचा मोठा पुरस्कार मिळाला आणि लाखो घरांना वाटायला लागलं की माणसाला उपचाराला न्यायचा हाच एक रस्ता आहे. या कार्यक्रमाने काही जीव वाचवले हे मी मनापासून मानतो, नव्वद दिवसांचा महागडा उपचार फुकट मिळणं ही छोटी गोष्ट नाही. पण नशेतल्या लोकांचे तुकडे कापून इंटरनेटवर विनोद म्हणून फिरले तेही यातूनच, आणि तो माणूस सुधारून पाच वर्षं झाली तरी नोकरी देणाऱ्याला, पोरांच्या शाळेतल्या पालकांना तो एपिसोड सापडतोच.

आता सगळ्यात दुखरा भाग. जानेवारी २००८ मध्ये व्हीएच१ वर 'सेलिब्रिटी रिहॅब विथ डॉक्टर ड्रू' आलं. कॅलिफोर्नियातल्या पॅसाडिना रिकव्हरी सेंटरमध्ये शूटिंग, डॉक्टर ड्रू पिन्स्की खरोखरचे व्यसनमुक्तीतले डॉक्टर, आणि पेशंट म्हणजे प्रसिद्धी ओसरलेले नट, गायक, खेळाडू. त्यांना सहभागाचे पैसे मिळायचे आणि पिन्स्कींनी ते लपवलं नाही, पैशासाठी का होईना एकदा आत आले की उपचाराला लागतील असं त्यांचं म्हणणं. दाखल असण्याचा काळ साधारण तीन आठवडे, जेव्हा अमेरिकेतली व्यसनावर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था नायडा सांगते की ९० दिवसांपेक्षा कमी उपचाराचा परिणाम मर्यादित असतो.

माइक स्टार हा अ‍ॅलिस इन चेन्स बँडचा पूर्वीचा बेसवादक. तिसऱ्या सिझनमध्ये, २०१० साली, त्याने सांगितलं की बँडचा गायक लेन स्टॅली २००२ मध्ये गेला त्याच्या आदल्या दिवशी तो त्याच्यासोबत होता. लेन खूप आजारी दिसत होता, हा म्हणाला अ‍ॅम्ब्युलन्स बोलावतो, लेन म्हणाला बोलावलीस तर मैत्री संपली, दोघांचं भांडण झालं आणि हा निघून गेला. आठ वर्षं हे ओझं घेऊन तो नशा करत होता. कार्यक्रमाने लेनच्या आईला तिथे आणलं, तिने त्याला दोष दिला नाही, आणि तो लहान मुलासारखा रडला. मला तो प्रसंग खोटा वाटत नाही. पण इतकी जुनी जखम उघडल्यावर तिच्यावर पुढची दोन-तीन वर्षं दर आठवड्याला कुणीतरी बसून काम करायला हवं. ८ मार्च २०११ ला माइक सॉल्ट लेक सिटीत मृतावस्थेत सापडला. ४४ वर्षांचा होता.

त्याच वर्षी मे महिन्यात जेफ कॉनवे गेला, पाठीच्या दुखण्यापायी पेनकिलरमध्ये अडकलेला नट, पहिल्या दोन्ही सिझनमध्ये होता. जून २०१२ मध्ये रॉडनी किंग, ज्याला १९९१ मध्ये लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी मारलेलं सगळ्या जगाने पाहिलं होतं, स्वतःच्या घरच्या पूलमध्ये बुडून गेला, अंगात दारू आणि ड्रग्ज सापडली. ऑगस्ट २०१२ मध्ये जोई कोवार, फक्त २९ वर्षांचा. हा पोरगा २००८ मध्ये 'द रिअल वर्ल्ड' मधून उपचारासाठी बाहेर पडला होता आणि तिथून 'सेलिब्रिटी रिहॅब' मध्ये आला, म्हणजे एका कार्यक्रमाचा प्रश्न दुसऱ्या कार्यक्रमाचा विषय झाला. फेब्रुवारी २०१३ मध्ये मिंडी मॅक्रेडी या गायिकेने आत्महत्या केली, जोडीदाराच्या मृत्यूला महिना-सव्वा महिनाच झाला होता. पाच जण, त्यातले तीन एकाच सिझनचे. मे २०१३ मध्ये पिन्स्कींनी सांगितलं की आता पुढचा सिझन करणार नाही, टीका सहन करून कंटाळलो.

त्यांची बाजूही ऐकायला हवी, कारण ती पूर्ण चूक नाही. आलेले लोक आधीच फार आजारी होते, वर्षानुवर्षं अडकलेले, आणि व्यसनात रिलॅप्सचं, म्हणजे पुन्हा नशेकडे वळायचं, प्रमाण ४० ते ६० टक्के सांगितलं जातं, दमा आणि ब्लड प्रेशरच्या पेशंटचंही साधारण तसंच असतं. कार्यक्रमामुळे मेले असं म्हणायला पुरावा नाही. पण मग हाच मुद्दा उलटाही लागतो ना, की आजार इतका चिवट आहे हे माहीत होतं तर तीन आठवड्यांनंतरच्या तीन वर्षांची सोय काय होती?

आणि इथे शरीराचं एक साधं गणित आहे. अफूवर्गातली नशा काही आठवडे बंद झाली की शरीराची डोस पेलायची सहनशक्ती उतरते, तलप मात्र तशीच राहते. मग माणूस पुन्हा घेतो तेव्हा हाताला जुन्या डोसची सवय, आणि शरीराला तो पेलत नाही, श्वास थांबतो. वॉशिंग्टन राज्यात तुरुंगातून सुटलेल्यांवर २००७ मध्ये छापलेल्या अभ्यासात पहिल्या दोन आठवड्यांत ओव्हरडोसने मरायचा धोका इतर लोकांच्या १२९ पट निघाला होता. तुरुंग आणि केंद्र एक नाही, पण सहनशक्ती दोन्हीकडे उतरते. त्यामुळे केंद्रातून हसत, सगळ्यांना मिठ्या मारत बाहेर पडतानाचा जो सीन असतो, ज्याच्यावर संगीत वाजतं, तो वैद्यकीय हिशोबाने बघाल तर सगळ्यात धोक्याच्या दिवसांपैकी एक. ब्यूप्रेनॉर्फिन, मेथाडोन यांसारखी तलप आवरणारी औषधं चालू ठेवली तर हा धोका बराच कमी होतो, पण औषध चालू ठेवून सावरणाऱ्या माणसाचा सीन टीव्हीला 'पूर्ण सुटला' असा दाखवता येत नाही.

नियम कुठे बदलले म्हणाल तर ब्रिटनमध्ये, आणि तेही एक मृत्यू झाल्यावर. 'जेरेमी काइल शो' २००५ पासून आयटीव्हीवर रोज चालायचा, भांडणं, लाय डिटेक्टर, व्यसनी पोरं. २००७ मध्येच मँचेस्टरच्या एका न्यायाधीशांनी त्याची तुलना अस्वलाला कुत्र्यांकडून छळायच्या जुन्या खेळाशी केली होती, तरी आणखी बारा वर्षं चालला. मे २०१९ मध्ये लाय डिटेक्टर चाचणीनंतर थोड्याच दिवसांत एका पाहुण्याचा मृत्यू झाला, कार्यक्रम कायमचा बंद झाला, संसदीय समितीने चौकशी लावली, आणि एप्रिल २०२१ पासून ऑफकॉमचे, म्हणजे तिथल्या प्रसारणावर देखरेख करणाऱ्या संस्थेचे, नवीन नियम आले की सहभागी माणसाला मोठी इजा व्हायची शक्यता असेल तर चॅनलने त्याची काळजी घ्यायची, काय धोके आहेत ते आधी सांगायचं. अमेरिकेत असा स्वतंत्र नियम नाही. ज्याची त्याची करारावरची सही.

जे सावरले त्यांच्याकडे बघितलं तर मला एक गोष्ट दिसते. मॅकेन्झी फिलिप्स ही अभिनेत्री 'सेलिब्रिटी रिहॅब' च्या त्याच तिसऱ्या सिझनमधली, २००८ मध्ये लॉस एंजेलिसच्या विमानतळावर ड्रग्जसह पकडली गेली होती. ती सावरली आणि पुढे स्वतः व्यसनमुक्ती समुपदेशक झाली, रोजचं काम, समोर पेशंट, कॅमेरा नाही. 'जर्सी शोर' या एमटीव्हीच्या कार्यक्रमातला माइक सोरेन्टिनो पेनकिलरमध्ये अडकला होता, २०१२ मध्ये उपचार घेतले, पुन्हा घसरला, आणि डिसेंबर २०१५ पासून सोबर आहे. मूळ कार्यक्रम २०१२ मध्ये संपला होता आणि नवा २०१८ मध्ये आला, म्हणजे त्याचं सावरणं नेमकं मधल्या वर्षांत झालं, जेव्हा 'जर्सी शोर' चा कॅमेरा त्याच्या मागे नव्हता. तो नव्या कार्यक्रमात आला तेव्हा त्याला सोबर राहून दोन वर्षांवर झाली होती. २०१९ मध्ये करचुकवेगिरीसाठी आठ महिने तुरुंगात गेला, बाहेर आला, तरी सोबर राहिला.