रागावल्यावर कान पाडणारं यंत्र

यंत्रमानवाच्या चेहऱ्यावर भाव कुठून आले, असं विचारलं की सगळे अमेरिकेकडे बोट दाखवतात. आम्हा बडोदेकरांना आधी इथली जुन्या ग्रंथांची माला, गायकवाड ओरिएंटल सिरीज आठवते. धारच्या भोजराजाचा वास्तुशास्त्रावरचा ग्रंथ ‘समरांगणसूत्रधार’ या मालेत १९२४-२५ मध्ये दोन खंडांत छापला गेला. त्यात दारावर राखण करणारे लाकडी यंत्रपुरुष आहेत, आणि चित्रातल्या नजरेत रस कसा दिसतो यावर एक अध्यायही आहे. ग्रंथ एकच, अध्याय मात्र निरनिराळे.

पाठोपाठ १९२६ मध्ये बडोद्यातूनच भरताच्या नाट्यशास्त्राचा पहिला खंड निघाला, अभिनवगुप्ताच्या टीकेसह, रामकृष्ण कवींनी संपादलेला. त्यातली एक फोड इथे फार कामाची आहे. मनात मुरलेला तो स्थायीभाव. चढलेली भुवई, कापणारा हात हे अनुभाव. यंत्राकडे नुसते अनुभाव असतात. तरी समोरच्या माणसावर त्यांचा परिणाम होतो, आणि संशोधकांनी उपयोग करून घेतला तो याच गोष्टीचा.

पश्चिमेत डार्विनने १८७२ मध्ये माणसांच्या व प्राण्यांच्या भावदर्शनावर पुस्तक लिहिलं. शंभरेक वर्षांनी, १९७८ मध्ये, एकमन आणि फ्रीसन या मानसशास्त्रज्ञांनी चेहऱ्याच्या स्नायूंच्या हालचालींना क्रमांक दिले. एकमनचे मूळ भाव सहा: आनंद, दुःख, राग, भीती, किळस, आश्चर्य. भरताच्या आठ स्थायीभावांतून रती आणि उत्साह वगळा, हेच सहा उरतात!

१९९७ मध्ये रोझलिंड पिकार्ड यांच्या पुस्तकाने संगणकाला भावना ओळखता याव्यात, हा विषय रीतसर मांडला. त्याच सुमारास अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत सिंथिया ब्रेझील ‘किस्मेट’ हा यंत्रमानव घडवत होत्या. किस्मेट म्हणजे नुसतं डोकं: मोठे डोळे, लाल ओठ, हलणारे कान. त्याला शब्दांचा अर्थ कळत नसे, आवाजाची पट्टी कळे. लाडाने बोललं की चेहरा खुले. दरडावलं की मान खाली जाई आणि कान पडत. आपण ‘कान पाडले’ म्हणतो ना, तसेच अगदी. कुणी अंगावर आल्यासारखं जवळ गेलं की ते मागे सरे, आणि तो माणूस आपसूक मागे होई. रौद्रातून करुण उपजतो, असं भरत म्हणतो. इथे रागावणारा एक आणि करुण दाखवणारा दुसरा, एवढाच फरक.

रागावलेल्या माणसापुढे यंत्राची नुसती सभ्य भाषा मात्र पुरत नाही. आमच्या आत्याला फोनवरचं यंत्र सपाट आवाजात “क्षमस्व” म्हणालं की तिचा पारा आणखी चढतो. ओसाकाच्या एका मॉलमध्ये तर यंत्रमानवाची वाट अडवून मुलं त्याला लाथा मारत. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातला उपाय गमतीचा होता: मुलं छळतील असं वाटलं की यंत्राने मोठ्या माणसांजवळ सटकायचं. चाळीतलं पोरही हेच करतं.

उलट टोक २०१८ चं, जर्मनीतलं. ८९ जणांनी नाओ नावाच्या छोट्या यंत्रमानवाबरोबर थोडं काम केलं, आणि शेवटी त्यांना ते बंद करण्याची मुभा होती. ४३ जणांसमोर त्याने गयावया केली, बंद करू नका, अंधाराची भीती वाटते म्हणून. त्यांतल्या १३ जणांनी बटण दाबलंच नाही. का, असं विचारल्यावर काहींचं उत्तर होतं, तो नको म्हणाला.