होस्टवरची स्टोरेज हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशन सेटिंग बदलायची आहे? चेंज रिक्वेस्ट, पात्रता आणि कागदपत्रे

पणजीतली सहकारी बँक असो, मडगावचं खासगी इस्पितळ असो की वेर्णा औद्योगिक वसाहतीतला औषध कारखाना, व्हीएमवेअरच्या होस्टवर, म्हणजे अनेक आभासी संगणक (व्हीएम) चालवणाऱ्या सर्व्हरवर, स्टोरेजची सेटिंग बदलायची तर आधी चेंज रिक्वेस्ट, म्हणजे बदलाच्या मंजुरीचा अर्ज, भरावा लागतो. हा अर्ज परत येण्याचं नेहमीचं कारण म्हणजे विषयाच्या रकान्यात नुसतं ‘व्हीएएआय बंद करणे’ लिहिलेलं असतं. एवढ्यावर मंजुरी देणाऱ्याला काहीच ठरवता येत नाही. व्हीएएआय, म्हणजेच हे स्टोरेज हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशन, हे एक बटण नाही. होस्टवर त्याच्या तीन वेगळ्या सेटिंग आहेत आणि प्रत्येकीची जोखीम वेगळी आहे.

व्हीएमवेअरच्या व्हीस्फिअर या प्रणालीच्या 4.1 आवृत्तीबरोबर 2010 मध्ये ही सोय आली. होस्टने स्वतः करायची स्टोरेजची कष्टाची कामं अ‍ॅरेवर सोपवायची, हा तिचा हेतू. अ‍ॅरे म्हणजे होस्टना डिस्क पुरवणारी सामायिक स्टोरेज यंत्रणा. पहिली सेटिंग ‘डेटामूव्हर डॉट हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेटेड मूव्ह’ ही क्लोन (व्हीएमची प्रत) आणि स्टोरेज व्हीमोशन (चालू व्हीएमच्या डिस्क दुसरीकडे हलवणं) यांसाठी. 100 जीबीचा टेम्प्लेट क्लोन करताना ती बंद असेल तर होस्ट 100 जीबी वाचतो आणि 100 जीबी लिहितो, म्हणजे 200 जीबी केबलवरून जातात. चालू असेल तर होस्ट फक्त आज्ञा पाठवतो. एका आज्ञेत मूळ मर्यादेप्रमाणे 4 एमबी धरले तर 25,600 आज्ञा होतात आणि डेटा अ‍ॅरेच्या आतल्या आत हलतो. दुसरी ‘हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेटेड इनिट’, नवी डिस्क शून्यांनी भरण्यासाठी. तिसरी ‘व्हीएमएफएस3 डॉट हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेटेड लॉकिंग’, म्हणजे एटीएस. अख्खा लन, म्हणजे अ‍ॅरेने होस्टला दिलेली डिस्क, अडवून न ठेवता हवा तेवढाच भाग लॉक करणं हे तिचं काम. व्हीएमएफएस ही होस्टची फाइल सिस्टिम; नावात व्हीएमएफएस3 असलं तरी ती व्हीएमएफएस5 लाही लागू आहे, अर्जात हे एका ओळीत लिहून टाका. तिन्ही सेटिंग मुळात 1, म्हणजे चालू असतात.

अर्ज कोणी करावा

व्हीसेंटरमध्ये, म्हणजे सगळे होस्ट सांभाळणाऱ्या सर्व्हरवर, ज्याच्या भूमिकेला होस्ट कॉन्फिगरेशनमधला ‘अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंग्ज’ हा अधिकार आहे, त्यानेच. हा अधिकार नसलेल्या सहकाऱ्याच्या नावाने अर्ज मंजूर झाला, तर बदलाच्या रात्री कोणाचा तरी पासवर्ड उसना घ्यावा लागतो आणि ऑडिटला हेच सापडतं. बदल कमांडने करायचा असेल तर होस्ट लॉकडाऊन मोडमध्ये (थेट लॉगिन अडवलेल्या स्थितीत) आहे का, हेही आधी पाहून ठेवा.

यंत्रणेचीही पात्रता असते. अ‍ॅरेचं मॉडेल आणि त्यावरचं नेमकं फर्मवेअर होस्टवर चालणाऱ्या ईएसएक्सआय प्रणालीच्या तुमच्या आवृत्तीसाठी सुसंगतता यादीत असायला हवं. ही यादी आता व्हीएमवेअर विकत घेतलेल्या ब्रॉडकॉमकडे आहे. व्हीस्फिअर 7 चा सर्वसाधारण सपोर्ट 2 ऑक्टोबर 2025 ला संपला, त्यामुळे अजून त्यावर असलेल्यांनी अपग्रेडचा अर्ज आधी करावा असं माझं स्पष्ट मत आहे. वेब क्लायंटमध्ये (व्हीसेंटरच्या ब्राउझरमधल्या पडद्यावर) होस्टच्या आतल्या लोकल डिस्कपुढे ‘नॉट सपोर्टेड’ दिसणं हा बिघाड नाही, त्यासाठी अर्ज नकोच. ‘अननोन’ दिसत असेल तर त्या लनवर एखादा क्लोन करून पुन्हा पाहा. एनएफएस डेटास्टोअरला (नेटवर्कवरच्या फाइल शेअरवर व्हीएम ठेवण्याच्या जागेला) अ‍ॅरे कंपनीचा वेगळा प्लगइन लागतो आणि त्याची प्रक्रियाही वेगळी.

कागदपत्रे

सुसंगतता यादीतल्या तुमच्या मॉडेलच्या पानाची प्रत जोडा. प्रत्येक लनची व्हीएएआय स्थिती जोडा. ‘ईएसएक्ससीएलआय स्टोरेज कोअर डिव्हाइस व्हीएएआय स्टेटस गेट’ या कमांडच्या उत्तरात एटीएस, क्लोन, झीरो आणि डिलीट अशा चार ओळी वेगळ्या दिसतात. वेब क्लायंटचा स्क्रीनशॉट पुरेसा नाही, कारण तिथे या ओळी वेगळ्या न दिसता एकच शेरा असतो. सर्व होस्टवरची तिन्ही सेटिंगची आजची मूल्यं, अ‍ॅरे कंपनीच्या सपोर्ट केसचं लेखी उत्तर, आणि नुकत्याच यशस्वी झालेल्या रिस्टोअर चाचणीची नोंदही लागते. ‘बॅकअप झाला’ एवढ्या ओळीवर मी मंजुरी देणार नाही.

खरा पुरावा लॉगमध्ये असतो. ‘लॉस्ट अ‍ॅक्सेस टू व्हॉल्यूम’ आणि त्याच्या आसपास ‘एटीएस मिसकंपेअर’ (लॉकची नोंद अपेक्षेशी जुळली नाही) असे संदेश होस्टच्या व्हीएमकर्नल लॉगमध्ये सापडले तर वेळेसह ते उतारे द्या. त्याच वेळेचा अ‍ॅरेचा इव्हेंट लॉगही जोडा. आपल्याकडे मिरगाच्या पहिल्या गडगडाटात वीज चार वेळा येते-जाते. त्या वेळी कंट्रोलरची बॅटरी नादुरुस्त असेल तर अ‍ॅरे राइट कॅशे वापरणं थांबवते, लिहिणं मंदावतं आणि होस्टला वाटतं की व्हॉल्यूमच हरवला. अशा वेळी सेटिंग बदलून दुखणं झाकलं जातं, बॅटरी तशीच राहते.

एटीएसचा अर्ज असेल तर

इथे घाई नको. तक्रार फक्त हार्टबीटची, म्हणजे होस्ट व्हॉल्यूमवर ठरावीक वेळाने करतो त्या ‘मी चालू आहे’ या नोंदीची, असेल तर संपूर्ण लॉकिंग बंद करू नका. ईएसएक्सआय 5.5 अपडेट 2 पासून हार्टबीटही एटीएसने होऊ लागला आणि काही अ‍ॅरेंवर त्यातूनच व्हॉल्यूम सुटू लागले. त्यासाठी ‘यूज एटीएस फॉर एचबी ऑन व्हीएमएफएस5’ ही वेगळी सेटिंग आहे, आणि नावाप्रमाणे ती व्हीएमएफएस5 साठीच आहे. तुमचे डेटास्टोअर व्हीएमएफएस6 चे असतील तर हा अर्ज गैरलागू. व्हीस्फिअर 6.5 पासून मिसकंपेअर हाताळण्याची पद्धतही सुधारली आहे.

लॉकिंगच बंद करायचं असेल तर डेटास्टोअर ‘एटीएस ओन्ली’ आहे का, ते पाहा. अ‍ॅरेला एटीएस येत असेल तर नव्याने फॉरमॅट केलेला व्हीएमएफएस5 व्हॉल्यूम तसाच बनतो. त्याचा तो गुण आधी न काढता होस्टवर लॉकिंग बंद केलं तर तो होस्ट व्हॉल्यूम माउंट करू शकत नाही. आणि बदल एका होस्टपुरता कधीच मागू नये. त्या डेटास्टोअरला जोडलेले सगळे होस्ट, डीआर साइटवरचेही (आपत्तीसाठी ठेवलेल्या पर्यायी केंद्रावरचेही), एकाच अर्जात हवेत. अर्जाचा एकक होस्ट नव्हे, डेटास्टोअर आहे.

मंजुरी आणि बदल

औषध कारखान्यात गुणवत्ता विभागाचं चेंज कंट्रोल लागतं आणि त्याला वेळ जातो, तो धरूनच तारीख मागा. चवथीच्या, म्हणजे गणपतीच्या, आठवड्यात विंडो (बदलासाठी ठरवलेली वेळ) घेऊ नका, अडचण आली तर फोन उचलणारा माणूस गावी माटोळी बांधत असतो.

मूव्ह आणि इनिट बदलायला रीबूट लागत नाही, व्हीएम चालूच राहतात. बदलाआधी आणि नंतर तोच टेम्प्लेट क्लोन करा, वेळ लिहा. ईएसएक्सटॉप या होस्टवरच्या निरीक्षणाच्या साधनात ‘यू’ दाबून डिव्हाइसच्या पडद्यावर जा, ‘एफ’ दाबून व्हीएएआयचे रकाने उघडा. सेटिंग चालू असताना क्लोन सुरू केल्यावर ‘क्लोन_डब्ल्यूआर’ वाढायला हवा. ‘क्लोन_एफ’ वाढत असेल तर अ‍ॅरे आज्ञा नाकारते आहे. मात्र स्रोत आणि लक्ष्य वेगवेगळ्या अ‍ॅरेवर असतील किंवा व्हीएमला स्नॅपशॉट असेल तर काम होस्टच करतो, ही चाचणी त्यावर घेऊ नका.

बंद करण्याच्या प्रत्येक अर्जात ‘पुन्हा चालू करण्याची तारीख आणि अट’ हा रकाना मी सक्तीचा मानतो. उदाहरणार्थ, ‘अ‍ॅरेचं फर्मवेअर अपडेट झाल्यावर, त्याच महिन्यात.’ फर्मवेअर दुरुस्त होतं, पण शून्यावर नेलेली सेटिंग कोणाच्या लक्षात राहत नाही. मग महिनोन्‌महिने क्लोन रांगतात आणि दोष नेटवर्कवाल्यांच्या माथी जातो. रोलबॅकची पायरी वेगळी आणि ही तारीख वेगळी, दोन्ही लिहा.

काम झाल्यावर सर्व होस्टची नवी मूल्यं अर्जाला जोडून तो बंद करा. होस्टची घड्याळं एनटीपीशी, म्हणजे नेटवर्कवरच्या प्रमाणवेळेशी, जुळलेली आहेत ना, तेही तपासा. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार लॉग 180 दिवस भारतीय अधिकारक्षेत्रात जपून ठेवावे लागतात, तेव्हा बदलाच्या रात्रीचे होस्ट आणि अ‍ॅरेचे लॉग सिसलॉग सर्व्हरवर (लॉग एकत्र साठवणाऱ्या सर्व्हरवर) पोहोचले आहेत याची खात्री अर्ज बंद करण्याआधी करून घ्या.