मक्याच्या पानावरची तुटक रेघ

१९०१ साली दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ वसाहतीत सरकारी कीटकतज्ज्ञ क्लॉड फुलर यांनी मक्याच्या एका विकृतीची नोंद केली. पानांवर शिरांच्या दिशेने फिक्या पिवळ्या, तुटक रेघा. कोवळेपणीच लागण झाली तर ताट खुरटतं आणि कणीस जवळजवळ धरतच नाही. फुलर यांनी दोष मातीला दिला. कीटकतज्ज्ञाच्याच नजरेतून कीड निसटली म्हणायची!

ती कीड १९२०च्या दशकात हॅरल्ड स्टोरी यांना सापडली: तुडतुडे. पण सगळेच नव्हेत. काही तुडतुडे रोगट पान कितीही शोषोत, रोग पसरवत नसत. स्टोरींनी अशा तुडतुड्यांचं आतडं बारीक सुईने टोचलं, आणि तेच रोग पसरवू लागले. म्हणजे रोगाच्या मुळाशी असलेला विषाणू आतड्याच्या भिंतीशी अडत होता. किडा जेमतेम तीन मिलिमीटरचा. सुई धरणाऱ्या हाताला दाद द्यावी तेवढी थोडी.

या विषाणूचा, मेझ स्ट्रीक व्हायरसचा, जनुकसंच १९८४ मध्ये वाचला गेला. सुमारे २,७०० अक्षरांचं एकेरी डीएनएचं कडं, त्यात प्रथिनं मोजकी चार. नकला काढायला तो मक्याच्या पेशीचीच यंत्रणा वापरतो, आणि ती यंत्रणा चुका सुधारत जाणारी. त्यामुळे तो सावकाश बदलेल असं वाटायचं. प्रत्यक्षात त्याचा वेग झपाट्याने बदलणाऱ्या आरएनए विषाणूंच्या जवळपास जातो.

मका आफ्रिकेत बाहेरून आला, विषाणू मात्र तिथल्या गवतांवरचा. मक्याला झोडपणारा 'ए' प्रकार दोन जुन्या प्रकारांचे तुकडे जुळून बनला, तोही बहुधा १८६०च्या सुमारास. तेव्हा फुलर यांच्यासमोरचा रोग तसा नवाच होता.

केप टाउनच्या संशोधकांनी २००५ मध्ये त्याचा बदलता स्वभाव उघड्यावर आणला. वनस्पतीच्या पेशीविभाजनाला लगाम घालणाऱ्या प्रथिनाला विषाणू जिथे चिकटतो, तिथली तीन अक्षरं त्यांनी बदलली. लागण झाली, पण सौम्य. मग आठपैकी पाच झाडांत दहाव्या दिवसापर्यंत त्यातलं एक अक्षर मूळपदावर आलेलं दिसलं. ते चिकटणं काही परतलं नाही. तरीही शेवटी आठही झाडांत ते एक अक्षर मूळपदावर आलेलाच विषाणू उरला.