बटरफिल्ड टपालमार्ग

अमेरिकेतील मिसुरी राज्यापासून कॅलिफोर्नियातील सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत १८५८ ते १८६१ या काळात चाललेल्या घोडागाडीच्या टपालसेवेचा मार्ग. लांबी सुमारे २,८०० मैल (४,५०० किमी). त्याआधी कॅलिफोर्नियाची बहुतेक पत्रे पनामामार्गे आगबोटीने जात.

जॉन बटरफिल्ड आणि त्याच्या भागीदारांशी अमेरिकी टपाल खात्याने सप्टेंबर १८५७ मध्ये सहा वर्षांचा करार केला. आठवड्यातून दोनदा दोन्ही बाजूंनी टपाल सोडायचे, ते २५ दिवसांत पोचवायचे, आणि मोबदला वर्षाला ६ लाख डॉलर. रस्ता सरळ पश्चिमेला न जाता आर्कान्सा, टेक्सस, एल पासो, टूसॉन, फोर्ट यूमा असा दक्षिणेकडे मोठा बाक घेऊन जाई. त्यामुळे शेकडो मैल वाढले. उत्तरेकडचे घाट हिवाळ्यात बर्फाने बंद होतात, हे अधिकृत कारण. पण तेव्हाचे टपालमंत्री ॲरन ब्राउन दक्षिणेतल्या टेनेसीचे होते, आणि दक्षिणेचा मार्ग निवडण्यात त्याचाही हात असावा, हेही विसरता येत नाही.

तयारीला एकच वर्ष मिळाले. तेवढ्यात ठाणी बांधणे, विहिरी खणणे, चढउतार कापून काढणे, शेकडो घोडे-खेचरे आणि त्यांचा दाणावैरण जागोजाग पोचवणे ही कामे उरकली. सुरुवातीला सुमारे १४० ठाणी होती. पुढे ती २०० च्या आसपास गेली. सेवेची खरी करामत गाडीपेक्षा या ठाण्यांत होती. गाडी रात्रंदिवस चाले, सरासरी वेग ताशी जेमतेम पाच मैल, आणि तो टिके केवळ ताजी जनावरे मिळत राहिल्यामुळे. ठाणे जवळ आले की शिंग फुंकले जाई, म्हणजे गाडी थांबण्याआधीच पुढची जोडी साज चढवून उभी असे.

बऱ्या रस्त्यांवर काँकर्ड बनावटीच्या जड बग्ग्या धावत. त्यांचा सांगाडा चामड्याच्या पट्ट्यांच्या जाड थरांवर टांगलेला असे. खाचखळग्यांत तो पुढेमागे झुले, त्यामुळे जनावरांना बसणारा हिसका कमी होई. वाळवंटी टापूत मात्र कॅनव्हासच्या छताच्या हलक्या ‘सेलेरिटी’ गाड्या वापरत. त्या बुटक्या असल्याने कलंडण्याची भीती कमी, आणि रुंद धावांमुळे (चाकांवरच्या लोखंडी पट्ट्यांमुळे) चाके वाळूत कमी रुतत. तीन बाके पाडली की झोपायला जागा होई. कोरड्या हवेत चाकांचे लाकूड आकसते, धाव ढिली पडते आणि आरे खिळखिळे होतात. म्हणून चाकांवर सतत लक्ष ठेवावे लागे.

सर्वांत अवघड पट्टा टेक्ससमधला. काँचो नदीच्या उगमापासून पेकोस नदी ओलांडण्याच्या हॉर्सहेड या जागेपर्यंत सुमारे ७५ मैल पाण्याचा थेंब नव्हता, आणि पुढे पेकोसचे पाणीही मचूळ. वाटेत ठाणी नसल्याने सुरुवातीला जादा खेचरांचा कळपच गाडीबरोबर हाकत नेत. जुंपलेली थकली की ती सोडून कळपातली जुंपायची. ही खेचरे अर्धरानटी. फासा टाकून धरावी लागत. साज चढवताना ती उधळली तर गाडी मोडे आणि वेळही वाया जाई.

पश्चिमेकडे निघालेले पहिले टपाल १६ सप्टेंबर १८५८ रोजी सेंट लुइसहून टिप्टनपर्यंत आगगाडीने आणि तिथून घोडागाडीने गेले. १० ऑक्टोबरला, २४ दिवसांच्या आत, ते सॅन फ्रान्सिस्कोत पोचले. अर्धा औंस पत्राला १० सेंट पडत. पश्चिमेकडच्या पूर्ण प्रवासाचे भाडे सुरुवातीला २०० डॉलर होते. जेवणाचे पैसे वेगळे, सामान ४० पौंडांपर्यंत. सोने-चांदी नेण्यास कंपनी नकार देई, म्हणून लुटारूंचा उपद्रव फारसा झाला नाही. मात्र सेवा सुरू होण्याच्या आठवडाभर आधी ड्रॅगून स्प्रिंग्ज ठाण्यावर मजुरांनी केलेल्या हल्ल्यात तीन माणसे दगावली, आणि १८६१ मध्ये अपाची पास या खिंडीच्या परिसरात अपाची या मूळ रहिवासी जमातीशी संघर्ष पेटला.

फेब्रुवारी १८६१ मध्ये टेक्सस संघराज्यातून फुटले. २ मार्चच्या कायद्याने टपाल उत्तरेकडच्या मध्यवर्ती मार्गावर हलवले. तोवर बटरफिल्डलाही भागीदारांनी अध्यक्षपदावरून दूर केले होते.

मार्ग त्याआधीही एकदा हलला होता. ऑगस्ट १८५९ मध्ये टेक्ससमधील ग्वादलूपे घाटाचा रस्ता सोडून गाड्या फोर्ट स्टॉक्टन आणि फोर्ट डेव्हिसकडून जाऊ लागल्या, कारण तिथे पाणी अधिक भरवशाचे आणि लष्कर जवळ. त्यामुळे घाटातले पाइनरी ठाणे जेमतेम ११ महिन्यांत ओस पडले. त्याच्या चुनखडीच्या भिंतींचे अवशेष ग्वादलूपे माउंटन्स राष्ट्रीय उद्यानात आजही पाहता येतात.