तारेतून सूर जात नाही

जुन्या सिंथेसायझरच्या मागच्या बाजूला, अर्धवर्तुळात मांडलेली पाच छिद्रे असणारी गोल सॉकेट असतात आणि त्यांच्यावर इन, आउट व बहुधा थ्रू असे लिहिलेले असते. असे वाद्य पहिल्यांदा संगणकाला जोडणारा माणूस सहसा धरून चालतो की आउटमधून आवाज निघेल, केबलमधून संगणकात शिरेल आणि तिथे रेकॉर्ड होईल. केबल लागते, पट्टी दाबली की सॉफ्टवेअरमधला एक लहानसा दिवा लुकलुकतो, आणि स्पीकर मात्र गप्पच राहतो. वास्तविक तिथे काहीही बिघडलेले नसते. मिडी या नावाने ओळखली जाणारी ही व्यवस्था वाजवणाऱ्याच्या बोटांनी काय केले एवढेच पलीकडे कळवते, आवाज ती वाहतच नाही. जोडणी करताना येणाऱ्या बहुतेक अडचणींचे मूळ ही गोष्ट नजरेआड होण्यात असते.

समजा, वादकाने मध्य सप्तकातली काळी चार दाबली. मिडीच्या हिशेबात मध्य सप्तकाची पांढरी एक म्हणजे ६० हा आकडा, त्यामुळे काळी चार ६८ ठरते. पट्टी दाबल्याबरोबर आउटमधून तीन बाइट निघतात: १००१००००, ०१०००१००, ०११००१००. पहिल्या बाइटचे पहिले चार बिट 'स्वर सुरू' असे सांगतात आणि पुढचे चार चॅनलचा क्रमांक सांगतात. दुसरा बाइट म्हणजे ६८, आणि तिसरा पट्टी किती वेगाने खाली गेली ते दाखवणारा आकडा, इथे १००. बोट उचलले की 'स्वर बंद' असा वेगळा संदेश जातो, आणि तो वाटेत हरवला तर पलीकडचे वाद्य तो स्वर वाजवतच राहते, कारण बोट उचलले गेले हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते. आज्ञेचा बाइट नेहमी १ ने सुरू होतो आणि माहितीचा बाइट ० ने, म्हणून आकड्यासाठी सातच बिट उरतात आणि मिडीमधले बहुतेक सगळे ० ते १२७ या मर्यादेत बसते. स्वर बासरीचा असावा की व्हायोलिनचा, याविषयी या तीन बाइटांत एक अक्षरही नसते. ते घेणाऱ्याने ठरवायचे.

हे बिट सेकंदाला ३१,२५० या वेगाने, एकामागून एक जातात. आकडा विचित्र वाटला तरी त्यामागे काटकसर आहे, कारण १ मेगाहर्ट्झच्या घड्याळाला ३२ ने भागले की नेमका हाच वेग मिळतो आणि तो त्या काळच्या स्वस्त चिपना सहज जमत असे. सुरुवातीचा व शेवटचा खुणेचा बिट धरून एका बाइटला दहा बिट लागतात, म्हणजे ३२० मायक्रोसेकंद, आणि आपल्या काळी चारच्या संदेशाला जवळपास १ मिलिसेकंद. हे सर्व ठरले त्यापूर्वी प्रत्येक कंपनीचे सिंथेसायझर आपापल्या विद्युतदाबाची भाषा बोलत असत आणि एकाची भाषा दुसऱ्याला कळेलच याची खात्री नसे. सिक्वेन्शियल सर्किट्सचे डेव्ह स्मिथ आणि रोलँडचे इकुतारो काकेहाशी यांच्या पुढाकाराने, एरवी एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या अमेरिकी आणि जपानी कंपन्या एका मानकावर आल्या, आणि जानेवारी १९८३ मध्ये कॅलिफोर्नियातील नॅम या व्यापारी प्रदर्शनात प्रॉफेट-६०० आणि ज्युपिटर-६ ही दोन कंपन्यांची वाद्ये एका केबलने जोडून दाखवण्यात आली. मानक कोणालाही मोफत वापरता येईल असे ठेवले गेले. माझ्या मते मिडीच्या दीर्घायुष्यात त्या उदारपणाचा वाटा तंत्रज्ञानाइतकाच मोठा आहे.

पाच पिनांपैकी प्रत्यक्षात तीनच वापरल्या जातात, त्यातली एक केबलच्या आवरणाची. उरलेल्या दोघींतून सुमारे ५ मिलिअँपिअरचा प्रवाह जातो आणि घेणाऱ्या वाद्यात शिरताच तो एक इवलासा दिवा पेटवतो. समोरच प्रकाशाला प्रतिसाद देणारा ट्रान्झिस्टर असतो, तो दिव्याची उघडझाप वाचतो. या जोडीला ऑप्टोकपलर म्हणतात. दोन वाद्यांमध्ये संदेश प्रकाशाने ओलांडतो आणि विद्युतसंबंध मात्र जुळत नाही, त्यामुळे वेगवेगळ्या प्लगांतून वीज घेणाऱ्या दोन यंत्रांची अर्थिंग मिडी केबलमधून एकमेकांत गुंतून स्पीकरमध्ये घूं असा आवाज येत नाही. आजच्या वाद्यांना संगणकाशी थेट जोडणाऱ्या यूएसबी केबलमध्ये ही सोय सहसा नसते. लॅपटॉपचा चार्जर लावला की सिंथेसायझरच्या आवाजात बारीक किणकिण येते आणि चार्जर काढला की थांबते, असा अनुभव आला तर जुन्या पाच पिनांच्या वाटेने जोडून पाहावे. पुष्कळदा तेवढ्याने काम होते.

पाच पिनांची वाट धरायची तर मध्ये एक मिडी इंटरफेस लागतो, म्हणजे एका बाजूला यूएसबी आणि दुसऱ्या बाजूला इन व आउट असलेली छोटी डबी. नियम साधा आहे: वाद्याचे आउट डबीच्या इनला आणि डबीचे आउट वाद्याच्या इनला. घोटाळा होतो तो डबीऐवजी थेट दोन शेपट्या असलेली स्वस्त केबल घेतल्यावर, कारण काही उत्पादक शेपटीवर इन असे लिहितात ते 'ही वाद्याच्या इनमध्ये खुपसा' या अर्थाने आणि काही 'हे माझे इन आहे' या अर्थाने. काही चालेनासे झाले तर सर्वांत आधी शेपट्यांची अदलाबदल करावी. त्याने काहीही जळत नाही.

संगणकाला ही डबी कळावी लागते. यूएसबीवरून मिडी कसे न्यावे याचे मानक १९९९ मध्ये ठरले आणि ते पाळणारी उपकरणे वेगळा ड्रायव्हर न टाकता चालतात. त्यानंतर संगीताच्या सॉफ्टवेअरमध्ये इनपुट आणि आउटपुट अशा दोन्ही याद्यांत तिचे नाव निवडावे लागते; पुष्कळ जण एकच निवडतात आणि निरोप एकाच दिशेने का जातो याचा शोध घेत बसतात. विंडोजवर बऱ्याच जुन्या ड्रायव्हरांमध्ये एक पोर्ट एका वेळी एकाच प्रोग्रॅमला मिळतो, म्हणून मागे उघडा राहिलेला दुसरा प्रोग्रॅम आधी बंद करावा. या टप्प्यावर संदेश जसेच्या तसे दाखवणारा मिडी मॉनिटर फार उपयोगी पडतो. पट्टी दाबल्यावर त्यात ६८ आणि १०० हे आकडे दिसले, तर केबल, डबी आणि ड्रायव्हर हे तिघेही निर्दोष ठरतात व दोष पुढे कुठेतरी आहे हे नक्की होते.

पुढे म्हणजे बहुधा चॅनलमध्ये. एका केबलवर सोळा चॅनल असतात आणि वाद्य ज्या चॅनलवर ऐकत आहे त्यावर संदेश गेला नाही तर ते तो मुकाट्याने सोडून देते. यंत्र ० ते १५ मोजते, माणसाला १ ते १६ दाखवले जातात. सप्तकांच्या नावांतही असाच गोंधळ आहे: ६० या स्वराला यामाहा सी-३ म्हणते आणि रोलँड सी-४. एक सप्तक वर-खाली वाजत असेल, तर नावाकडे न पाहता आकड्याकडे पाहावे.

आता ज्या अडचणीपाशी नवखे सर्वाधिक अडखळतात तिच्याकडे वळू. सगळे जोडून झाले, आवाजही आला, पण प्रत्येक स्वर किंचित जाड, दुहेरी, नाकात बोलल्यासारखा येतो आणि मोठे स्वरसमूह धरले की मधले स्वर गळू लागतात. सिंथेसायझर बाहेरून एक वस्तू दिसत असला तरी आत दोन वस्तू आहेत, पट्ट्यांचा कीबोर्ड आणि आवाज निर्माण करणारा भाग, आणि एरवी त्या आतल्या आत जोडलेल्या असतात. संगणक जोडल्यावर पट्टीचा निरोप दोन वाटांनी जातो. एक आतल्या वाटेने तत्काळ, आणि दुसरा आउटमधून संगणकात, तिथून सॉफ्टवेअरने परत पाठवल्यावर इनमधून, काही मिलिसेकंद उशिरा. एकच स्वर दोनदा वाजतो आणि एका वेळी सहा स्वर काढू शकणारे वाद्य तिनांतच थकते. यावरचा उपाय मानकातच आहे आणि त्याचे नाव लोकल कंट्रोल. वाद्याच्या मेन्यूत लोकल बंद केले की आतली वाट तुटते, कीबोर्ड संगणकाशी बोलतो आणि आवाजाचा भाग फक्त संगणकाचे ऐकतो. ही सोय नसलेल्या वाद्यांसाठी सॉफ्टवेअरमध्ये त्या ट्रॅकचा निरोप परत पाठवणे बंद करावे. मात्र लोकल बंद ठेवून केबल काढली, तर वाद्य दुसऱ्या दिवशी मुके वाटते आणि दुरुस्तीवाल्याकडे नेण्याची तयारी सुरू होते. अशा 'बिघडलेल्या' एका कीबोर्डची दुरुस्ती मी मेन्यूतले एक बटण दाबून केली आहे आणि त्याबद्दल मला भरपेट मिसळ मिळाली आहे.

आवाज संगणकात हवा असेल, तर त्यासाठी वाद्याच्या लाइन आउटपासून ऑडिओ इंटरफेसपर्यंत, म्हणजे ध्वनीचे आकडे करून ते संगणकाला देणाऱ्या डबीपर्यंत, वेगळी केबल लागते. मिडीच्या केबलने बोटांचा आलेख जातो आणि या केबलने ध्वनी. ध्वनीच्या वाटेवर संगणक नमुने, म्हणजे क्षणाक्षणाला घेतलेली ध्वनीची मोजमापे, थोडे साठवून मग पुढे सोडतो. सेकंदाला ४४,१०० नमुन्यांच्या दराने २५६ नमुन्यांचा साठा म्हणजे सुमारे ५.८ मिलिसेकंद. एवढ्या वेळात ध्वनी हवेतून जेमतेम दोन मीटर जातो, म्हणजे मैफलीत तबलजी दोन मीटरवर बसला असता जेवढा विलंब होतो तेवढाच हा आहे. साठा १,०२४ वर नेला की तो २३ मिलिसेकंद होतो आणि तो बोटांना जाणवतो.

मिडीची मूळ कल्पना पेटीवाल्याची आहे, गवयाची नाही, असे मला नेहमी वाटते. स्वर म्हणजे एक पट्टी, ती दाबलेली असते किंवा नसते. पेटीवर मींड निघत नाही, आणि मिडीमध्ये ती काढायची तर पिच बेंड नावाच्या वेगळ्या संदेशाचा आधार घ्यावा लागतो; तो सहसा पट्ट्यांशेजारचे एक चाक फिरवून पाठवतात. त्यासाठी मात्र सात बिट पुरणार नाहीत हे रचनाकारांनी ओळखले होते, म्हणून तिथे दोन बाइट एकत्र करून १६,३८४ पायऱ्या दिल्या आहेत. चाकाची मर्यादा दोन्ही बाजूंना दोन-दोन अर्धस्वरांची असेल, तर एका अर्धस्वराचे ४,०९६ भाग पडतात, आणि कोमल गंधाराचे सूक्ष्म आंदोलन दाखवण्यास एवढी बारकाई भरपूर झाली. अडचण दुसरीच असते. चाक किती फिरले एवढेच संदेशात असते, त्या फिरण्याचे किती स्वर करायचे हे घेणाऱ्या वाद्यात ठरलेले असते. सिंथेसायझरवर ही मर्यादा दोन अर्धस्वरांची आणि संगणकातल्या वाद्यावर बारांची असेल, तर एकीकडे रेकॉर्ड केलेली नाजूक मींड दुसरीकडे सायरनसारखी वाजते. शिवाय पिच बेंड अख्ख्या चॅनलला लागू होतो, त्यामुळे खाली षड्ज धरून वर मींड घेतली की षड्जही घसरतो. षड्ज वेगळ्या चॅनलवर ठेवणे हा त्यावरचा जुना उपाय. २०१८ मध्ये मानकात आलेल्या एमपीई पद्धतीत हेच पद्धतशीरपणे केले जाते आणि प्रत्येक स्वराला स्वतःचा चॅनल मिळतो. २०२० मध्ये आलेले मिडी २.० पायऱ्या आणखी बारीक करते, पण घराघरांतली वाद्ये अजून बहुतांशी १९८३ चीच भाषा बोलतात.

लय जुळवायची असेल, तर संगणक एका ठोक्याला २४ टिचक्या पाठवतो आणि वाद्याचा आर्पेजिएटर, म्हणजे धरलेले स्वर एकामागून एक वाजवणारी सोय, त्या मोजत चालतो. घड्याळ कोणाचे चालवायचे हे मात्र दोघांतल्या एकाकडेच ठेवावे.

राहता राहिली ती वाद्याची स्मृती. सिस्टिम एक्सक्लुझिव्ह नावाच्या लांब संदेशांतून वाद्याच्या आतील आवाजांची मांडणी संगणकावर उतरवता येते, आणि जुन्या वाद्यांच्या बाबतीत हे काम सगळ्यांत आधी करावे, कारण त्यांची स्मृती एका छोट्या बॅटरीवर तगलेली असते. १९८३ च्या यामाहा डीएक्स-७ मधील ३२ आवाजांचा संच ४,१०४ बाइटांचा होतो. प्रत्येक आवाजाला १२८ बाइट, त्यांभोवती सुरुवात-शेवटाचे काही, आणि बेरीज जुळते का ते तपासणारा एक. तो पाठवायला १.३ सेकंद लागतात. परत पाठवताना वाद्याचे मेमरी प्रोटेक्ट, म्हणजे स्मृतीवरचे कुलूप, आधी काढावे लागते, नाहीतर ते आलेले सगळे नाकारते. मी हे पहिल्यांदा केले तेव्हा फाइल दर वेळी वेगळ्याच लांबीची येत होती, आणि दोष वाद्याचा समजून मी एक आख्खी संध्याकाळ घालवली. दोष केबलचा होता. काही स्वस्त केबलांतील चिपची तात्पुरती साठवण इतकी तोकडी असते की तीन बाइटांचे संदेश त्या बिनचूक नेतात आणि चार हजारांचा ओघ आला की मधले बाइट सांडतात. म्हणून उतरवलेल्या फाइलचा आकार आधी पाहावा, सलग दोनदा नेमका ४,१०४ भरतो का ते तपासावे, आणि बॅटरी बदलण्यासाठी स्क्रू त्यानंतरच उघडावेत.