डोंगरातला फ्रेडरिक: आजोबा की नातू?

जर्मनीच्या थ्युरिंगिया भागात किफहॉयझर नावाचा डोंगर आहे. त्याच्या पोटात सम्राट फ्रेडरिक मेजाशी बसल्या बसल्या झोपलाय, त्याची लाल दाढी मेजातून आरपार वाढत गेली आहे, आणि डोंगराभोवती घिरट्या घालणारे डोमकावळे नाहीसे झाले की तो उठून साम्राज्य पुन्हा उभं करील, अशी दंतकथा. कुठला फ्रेडरिक, असं विचारलं तर बहुतेक जण बार्बारोसाचं, म्हणजे ‘लाल दाढीवाल्या’चं, नाव घेतील. १९४१ सालच्या रशियावरच्या स्वारीला हिटलरने हेच नाव दिल्यामुळे ते आपल्याही कानावरचं आहे. पण ही कथा मुळात त्याची नव्हेच. ती त्याच्या नातवाची, पुढे आजोबांच्या नावावर चढलेली.

आजोबा म्हणजे फ्रेडरिक पहिला, हाच बार्बारोसा. ११५५ साली रोममध्ये पोपच्या हातून सम्राटपदाचा मुकुट घेतला, ११६२ साली मिलान शहर उद्ध्वस्त केलं, आणि तिसऱ्या क्रूसेडला, म्हणजे जेरुसलेमसाठीच्या धर्मयुद्धाला, निघालेला असताना १० जून ११९० रोजी आजच्या तुर्कस्तानातल्या सालेफ नदीत बुडून मेला. नातू फ्रेडरिक दुसरा, ११९४ साली इटलीतल्या येसी गावी जन्मलेला. आई सिसिलीची राजकन्या, त्यामुळे त्याचा जीव दक्षिणेतच रमला. जर्मनीत तो फार थोडी वर्षं राहिला. बहिरी ससाण्यांच्या शिकारीवर त्याने स्वतः ग्रंथ लिहिला, १२२९ साली इजिप्तचा सुलतान अल-कामिल याच्याशी तह करून न लढता जेरुसलेम मिळवलं, आणि पोपांशी उभा दावा मांडला. त्यांच्याकडून दोनदा धर्मबहिष्कार, १२४५ साली तर पदच्युत केल्याची घोषणा. १३ डिसेंबर १२५० रोजी तो दक्षिण इटलीतल्या अपुलियात वारला.

आता गंमत बघा. बार्बारोसाचं मांस अँटिऑकला पुरलं, हाडं जेरुसलेमला न्यायची होती, ती वाटेत कुठे राहिली याचा पत्ता नाही. ‘सम्राट मेलाच नाही’ अशी आवई उठायला याहून चांगली सोय कुठली! नातवाचं थडगं मात्र सिसिलीतल्या पालेर्मोच्या कॅथेड्रलमध्ये, लाल पॉर्फिरी दगडाच्या पेटीत, सगळ्यांसमोर. आणि आवई उठली ती नातवाची.

कारण आजोबा गेले तेव्हा अख्खी फौज सोबत होती, आणि मुलगा हेन्री गादीवर बसला. कारभार चालू राहिला. नातवामागे सगळंच कोसळलं. मुलगा कॉनराड चार वर्षांत गेला, नातू कॉनराडिनचं १२६८ साली नेपल्समध्ये मुंडकं उडवलं, घराणं संपलं. जर्मनीत १२७३ पर्यंत सगळ्यांनी मानावा असा राजाच नव्हता. त्यात भविष्यवाल्यांचा घोळ. योआखिम या मठाधिपतीला मानणारे साधू या दुसऱ्या फ्रेडरिकला ख्रिस्तविरोधी दैत्य समजत, आणि १२६० साली युग पालटणार असा त्यांचा हिशेब होता. हा गृहस्थ दहा वर्षं आधीच मेला! त्यांच्यापैकीच एक, इतिवृत्तकार सालिंबेने, लिहितो की पोपच्या तोंडून ऐकेपर्यंत मला ते खरंच वाटेना. एका फ्रान्सिस्कन साधूला सिसिलीच्या किनाऱ्यावर हजारो स्वार समुद्रात शिरताना दिसले, पाणी तापल्या धातूसारखं चरचरलं, आणि त्यांतल्या एकाने सांगितलं, सम्राट एटना ज्वालामुखीत निघालेत. म्हणजे तेव्हाचा डोंगर एटना, किफहॉयझर नव्हे.

पाठोपाठ तोतयेही आले. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचा तोतया उभा राहिला, तसाच हा प्रकार. टिले कोलुप नावाच्या माणसाने १२८४ च्या सुमारास ऱ्हाइनकाठच्या नॉइस गावी चक्क दरबार मांडला. १२८५ साली जर्मनीच्या रुडॉल्फ राजाने त्याला वेट्झलरला जाळलं. बार्बारोसाच्या नावाने मात्र असा बाजार भरला नाही.

मग आजोबा डोंगरात शिरले कसे? जुन्या मजकुरांत नुसतं ‘सम्राट फ्रेडरिक’ असं असे, कितवा ते नसे. जर्मनीत नातवाची आठवण पुसट होत गेली, आजोबांची टिकली. १५१९ साली छापलेल्या एका जर्मन लोकपुस्तकाने लाल दाढीवाल्या पहिल्या फ्रेडरिकलाच डोंगरात नेऊन बसवलं. दाढीचा भाग तर नातवाला लागूच पडत नाही. त्याच्या सोन्याच्या नाण्यांवर चेहरा तुळतुळीत आहे. पुढे १८१६ साली ग्रिम बंधूंनी आणि १८१७ साली ऱ्यूकर्टच्या कवितेने बार्बारोसाचा हक्क पक्का केला. एकसंध जर्मनीची स्वप्नं पाहणाऱ्यांना अरबी विद्वानांशी पत्रव्यवहार करणारा सिसिलीकर सम्राट काय कामाचा? १८९६ साली डोंगरावर ८१ मीटर उंच स्मारक झालं. खाली दगडी बार्बारोसा जागा होतोय, वर घोड्यावर एकसंध जर्मनीचा सम्राट विल्हेल्म पहिला. जर्मन कवी हाइनेने १८४४ मध्येच या झोपाळू सम्राटाची यथेच्छ टिंगल करून ठेवली होती, ती मला स्मारकापेक्षा जास्त आवडते.

इटालियन कवी दांतेला हा गोंधळ नव्हता. त्याच्या काव्यात बार्बारोसाचा उल्लेख मिलानच्या दुःखासोबत येतो, तर दुसरा फ्रेडरिक थेट नरकात, पाखंड्यांच्या जळत्या थडग्यांत. जुन्या कथेत नुसता ‘फ्रेडरिक’ भेटला तर हीच खूण धरावी: मिलान, दाढी, नदी असेल तर आजोबा, पोपचे शाप, ससाणे, सिसिली असेल तर नातू. बाळांशी कुणी बोलायचंच नाही असा हुकूम देऊन ती आपसूक कुठली भाषा बोलतात हे पाहणारा सम्राटही नातूच. अर्थात ही गोष्ट सालिंबेनेची, आणि त्याचं या सम्राटाशी किती सख्य होतं ते वर आलंच आहे.