इंडिकेटर लावला की पेट्रोलचा काटा का हलतो?

2024 च्या ऑगस्टअखेरीस बडोद्यात विश्वामित्री नदीने 35 फुटांची पातळी ओलांडली. धोक्याची खूण त्याच्या बरीच खाली आहे. अशा पुरात बुडालेली मोटरसायकल तशी लवकर सावरते. ऑइल बदललं, प्लग पुसला, एअर फिल्टर नवा टाकला की इंजिन बोलू लागतं. मीटरचं दुखणं मात्र काही महिन्यांनी डोकं वर काढतं. टाकी निम्मी भरलेली आणि काटा शून्यावर. इंडिकेटर लावला की काटा त्याच तालात मान हलवतो. हँडल डावीकडे वळवलं की डिस्प्ले गुल. गॅरेजमध्ये यावर ठरलेलं उत्तर मिळतं, ‘मीटर गेलं, पूर्ण असेम्ब्ली टाकावी लागेल.’ माझं म्हणणं एवढंच, की मापल्याशिवाय हे मान्य करू नका. अशा वेळी मीटर बहुधा धड असतं आणि बिघाड त्याच्याकडे येणाऱ्या-जाणाऱ्या तारांत असतो.

मुळात पेट्रोलचा काटा पेट्रोल मोजतच नाही. टाकीत एक फ्लोट तरंगत असतो आणि त्याच्या दांडीचं टोक रेझिस्टन्सच्या पट्टीवर घासत सरकतं. पुष्कळ गाड्यांत हा रेझिस्टन्स एका टोकाला दहा ओहमच्या आसपास, तर दुसऱ्या टोकाला शंभरच्या आसपास असतो. त्यातलं कुठलं टोक भरलेल्या टाकीचं, हे कंपनीगणिक बदलतं. मीटरला कळतो तो फक्त करंट. वाटेत कुठेही जास्तीचा रेझिस्टन्स घुसला की मीटर तोही पेट्रोलच्याच खात्यावर मांडतं.

आणि तो घुसतो बहुतेकदा अर्थिंगमध्ये. बॅटरीचं मायनस फ्रेमला जोडलेलं असतं, म्हणजे करंटच्या परतीचा रस्ता फ्रेममधून जातो. पण मीटर बसतं हँडलपाशी, आणि हँडल व फ्रेम यांच्यामध्ये ग्रीस भरलेली बेअरिंग असतात. त्यांच्यातून करंट नीट जाईल याचा भरवसा नाही. म्हणून मीटर, हेडलाइट आणि पुढचे इंडिकेटर यांच्या मायनसच्या तारा वायरिंगमध्ये एकत्र करून फ्रेमवरच्या एखाद्या बोल्टखाली थिंबल, म्हणजे तारेच्या टोकाची धातूची कडी, लावून आवळलेल्या असतात. बडोद्यातल्या मकरपुऱ्याच्या कारखान्यांत कामाला जाणाऱ्याला अर्थिंगचं महत्त्व सांगावं लागत नाही. पण तो ज्या गाडीवरून जातो, तिचा हा बोल्ट कंपनीतून आल्यापासून कुणी उघडलेलाही नसतो.

त्या बोल्टखाली गंज चढून समजा फक्त 0.3 ओहम रेझिस्टन्स तयार झाला. एप्रिल 2017 पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिन चालू असेपर्यंत जळतच राहतो. 35 वॉटचा बल्ब 12 व्होल्टवर साधारण 3 अँपिअर घेतो. 3 गुणिले 0.3, म्हणजे 0.9 व्होल्ट त्या बोल्टवरच खर्ची पडले. मीटर ज्याला शून्य व्होल्ट समजतं, ते प्रत्यक्षात जवळपास एक व्होल्ट वर उचललं गेलं. त्यावर 10 वॉटचा इंडिकेटर लुकलुकला की प्रत्येक वेळी आणखी पाव व्होल्टची भर. काटा मान हलवतो तो या पाव व्होल्टमुळे.

इथे एक शंका रास्त आहे. बॅटरीचा व्होल्टेज तर सेल्फ मारताना, चार्जिंग होताना सतत वर-खाली होतो, मग काटा एरवी का हलत नाही? कारण बऱ्याच काट्याच्या मीटरांत काटकोनात गुंडाळलेल्या दोन कॉइल असतात आणि मधलं चुंबक दोघींच्या ओढीच्या गुणोत्तराप्रमाणे वळतं. बॅटरी उतरली की दोन्ही ओढी सारख्याच कमी होतात, गुणोत्तर तेच राहतं. मोठी हुशारीची रचना आहे ही! पण एका कॉइलचा करंट हँडलपाशी एकत्र केलेल्या अर्थिंगमधून परततो आणि दुसरीचा टाकीजवळच्या वेगळ्या अर्थिंगमधून, अशी गाडी असेल तर गंजलेला बोल्ट एकीलाच मारतो. गुणोत्तर तिथे बिघडतं.

हा दोष शोधताना मल्टिमीटर ओहमवर ठेवून बझर वाजवणं बिनकामाचं ठरतं, आणि याच जागी बरेच जण फसतात. ओहम मोजताना मल्टिमीटर अगदी नगण्य करंट सोडतो. तारेतले सगळे धागे तुटून एकच शिल्लक असला तरी तो करंट आरामात पलीकडे जातो. साकवावरून माणूस जातो, ट्रक जात नाही, तसं. त्यापेक्षा मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा. काळी पिन बॅटरीच्या मायनसवर, लाल पिन मीटरच्या कप्लरमधल्या, म्हणजे तारा जोडणाऱ्या प्लॅस्टिकच्या प्लगमधल्या, अर्थच्या तारेवर. मग हेडलाइट, इंडिकेटर, ब्रेकलाइट सगळं चालू करा. आकडा 0.1-0.2 व्होल्टच्या आत असायला हवा. तो अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर बोल्ट काढून थिंबल आणि फ्रेमचा पत्रा लख्ख घासायचा, घट्ट आवळायचा, वरून ग्रीस लावायचं. खर्च एका पॉलिश पेपरचा.

पुराचं पाणी कप्लरमध्ये शिरलं की वेगळाच प्रकार सुरू होतो. गढूळ पाण्यात क्षार विरघळलेले असतात, त्यामुळे ते वीज वाहून नेतं. घड्याळ आणि ट्रिपची आठवण टिकावी म्हणून मीटरच्या एका तारेत चावी बंद असतानाही 12 व्होल्ट असतात. ती पिन आणि शेजारची अर्थची पिन ओल्या कप्लरमध्ये इलेक्ट्रोलिसिसची, म्हणजे विजेने धातू विरघळण्याच्या क्रियेची, दोन टोकं होऊन बसतात. तांबं विरघळतं ते प्लसच्या बाजूने. जुना कप्लर उघडला की प्लसची पिन हिरवी पडून झिजलेली आणि मायनसची त्या मानाने शाबूत, असं दिसतं ते याच कारणाने. म्हणून पाण्यातून काढलेल्या गाडीला सेल्फ मारून बघण्याआधी बॅटरीचं मायनस सोडवा. मग एकेक कप्लर उघडून कॉन्टॅक्ट क्लीनरने धुवा आणि पूर्ण वाळू द्या.

हँडल वळवल्यावर डिस्प्ले जात असेल तर फार डोकं खाजवायला नको. हँडलच्या मानेपाशी वायरिंग हजारो वेळा वाकतं. वरचं प्लॅस्टिक शाबूत राहून आतलं तांबं तुटतं. चावी चालू ठेवून तिथला जुडगा हाताने दाबत, हलवत जा, जागा सापडते.

अर्थिंग आणि कप्लर ठीक निघाले, तरच फ्लोटकडे वळा. चावी चालू असताना टाकीखालचा कप्लर काढा; काटा एका टोकाला जायला हवा. मीटरच्या बाजूच्या त्याच दोन पिना काही सेकंद तारेने जोडल्या की दुसऱ्या टोकाला. दोन्ही झालं तर मीटर आणि वायरिंग निर्दोष, फ्लोट बदला. हा प्रयोग टाकी बंद असताना आणि मोकळ्या हवेत करा, कारण तार जोडताना ठिणगी पडू शकते.

स्पीडोमीटरची गोष्ट निराळी. जुन्या गाड्यांत चाकापासून आलेली केबल एक चुंबक फिरवते आणि त्यामागे ॲल्युमिनियमची वाटी ओढली जाते. 1902 मध्ये जर्मनीत ओटो शुल्झे याने पेटंट घेतलेली हीच युक्ती. तिथे मल्टिमीटरचं काम नाही, केबल बघा. नव्या गाड्यांत सहसा तीन तारांचा हॉल सेन्सर, म्हणजे चुंबकाची हालचाल ओळखणारा सेन्सर, असतो: प्लस, अर्थ आणि सिग्नल. चाक हळू फिरवताना सिग्नलच्या तारेवरचा व्होल्टेज उड्या मारत नसेल आणि प्लस-अर्थ ठीक असतील, तर सेन्सर गेला.

ज्या गाड्यांत मीटर आणि इंजिनाचा कंट्रोलर कॅन बसवरून, म्हणजे एकमेकींभोवती पिळलेल्या दोन तारांवरून बोलतात, त्यांत या तारा बिघडल्या की एकाच वेळी वेग, आरपीएम आणि पेट्रोल, सगळेच आकडे गायब होऊ शकतात. बॅटरी सोडवून त्या पिळलेल्या जोडतारांमध्ये रेझिस्टन्स मोजा. दोन्ही टोकांना 120 ओहमचे रेझिस्टर लावलेले असतात, म्हणून मधे 60 दिसायला हवेत. 120 दिसले तर एक टोक तुटलं आहे. शून्याच्या जवळ दिसले तर दोन तारा कुठेतरी एकमेकींना चिकटल्या आहेत.